रोममधील आकस्मिक मृत्यूंचा शोध घेणारा वैद्य : जोव्हान्नी मारिया लान्चीसी

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनापूर्वीच्या क्रीडास्पर्धांत चारशे मीटरची शर्यत चालू असता आमच्या शाळेतील नववीच्या वर्गाचा एक विद्यार्थी अंतिम रेषेच्या थोडा अलीकडे थबकला, गुडघ्यांवर बसला आणि कुशीवर कलंडला. तो पुन्हा उठला नाही. रुग्णालयात नेईपर्यंत सारे संपले होते. हा मुलगा दुबळा नव्हता, आजारी नव्हता. खो-खोच्या संघाचा तर तो आधारस्तंभच होता. त्यानंतर कित्येक दिवस शाळेत व शाळेबाहेर जे बोलले गेले ते आम्ही ऐकले आहे. कोणी उन्हाला दोष दिला, कोणी परीक्षेच्या ताणाला, तर कोणी मुलाला दृष्ट लागल्याचे सांगितले. त्याच्या आईने दोष स्वतःलाच लावून घेतला होता. त्या सकाळी घाईत मुलगा डबा न घेता घरातून निघाला, उपाशीपोटी धावला, म्हणून हे घडले असे ती माऊली म्हणत राहिली. खरे कारण कोणासच ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच प्रत्येकाजवळ एक कारण होते.

यंदाच्या अंकात चरित्रलेख कोणावर द्यावा असा प्रश्न निघाला तेव्हा आम्हांस एका वैद्याचे स्मरण झाले. तीनशे वर्षांपूर्वी एक सारे शहरच आमच्या शाळेसारख्या मनःस्थितीत सापडले होते, आणि कारणे कल्पिण्याऐवजी मृतदेह उघडून ती पाहण्याचे काम या वैद्याकडे आले होते. त्याचे नाव जोव्हान्नी मारिया लान्चीसी. आपल्याकडे हे नाव फारसे कोणी घेत नाही. परंतु आपल्या काळी तो साऱ्या युरोपात विख्यात होता आणि हृदयरोगांचा इतिहास लिहिताना आजही त्याला वगळता येत नाही.

लान्चीसीचा जन्म २६ ऑक्टोबर १६५४ रोजी रोम येथे झाला. त्या वेळी आपल्या गोवळकोंड्यावर अब्दुल्ला कुतुबशाहाचे राज्य होते, एवढे सांगितले म्हणजे काळाची कल्पना यावी. रोम हे तेव्हा पोपच्या राज्याचे राजधानीचे शहर होते. पोप हे कॅथलिक पंथाचे धर्मगुरू तर होतेच, परंतु मध्य इटलीच्या मोठ्या प्रदेशाचे राजेही होते. लान्चीसीचे आरंभीचे शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयात झाले. त्याने प्रथम धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला होता. परंतु वनस्पती, प्राणी, रसायने यांतच त्याचे मन अधिक रमू लागले आणि लवकरच तो रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात वैद्यकाकडे वळला. १६७२ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने वैद्यकाची पदवी मिळविली.

ते दिवस वैद्यकाच्या दृष्टीने मोठ्या उलथापालथीचे होते. विल्यम हार्वीने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला होता. माल्पीगीने १६६१ साली सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या होत्या. शरीर हे पंपांचे, नळांचे व झडपांचे एक यंत्र आहे, ही दृष्टी तरुण वैद्यांना मोहित करीत होती. तथापि रुग्णाच्या शय्येजवळ बसलेल्या वैद्यापाशी साधने काय होती? नाडीवर ठेवलेली बोटे आणि रुग्णाला विचारलेले प्रश्न. छातीवर बोटे ठोकून आवाज पारखण्याची रीत १७६१ साली प्रसिद्ध झाली आणि श्रवणनलिका तर १८१६ साली आली. जिवंत माणसाचे हृदय आत काय करीत आहे हे जाणण्याचा मार्ग जवळजवळ नव्हताच.

पदवीनंतर काही वर्षांतच लान्चीसी सांतो स्पिरितो या रुग्णालयात वैद्य म्हणून रुजू झाला. टायबर नदीच्या काठी, व्हॅटिकनपासून हाकेच्या अंतरावर उभे असलेले हे रुग्णालय त्याच्या काळीही पाचशे वर्षांचे जुने होते. त्यातील पंधराव्या शतकात बांधलेले दालन सुमारे १२० मीटर लांब आहे. त्यात ओळीने मांडलेल्या खाटांवर रोममधील गरीब, यात्रेकरू, मोलमजूर येऊन पडत; त्यांपैकी पुष्कळ बरे होत आणि पुष्कळ मरत. तरुण वैद्यास याहून मोठी पाठशाळा मिळणे शक्य नव्हते. पुढे १६७८ पासून पाच वर्षे तो एका विद्यागृहात राहून जुन्या-नव्या वैद्यकग्रंथांचे वाचन करीत राहिला. या वर्षांतील घटना सांगण्यासारख्या नाहीत. एक तरुण वाचीत होता व टिपणे काढीत होता, इतकेच. परंतु पुढे त्याने जे केले त्याचा पाया येथे घातला गेला असे आम्हांस वाटते.

१६८४ साली तो सापिएन्झा विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा अध्यापक झाला आणि तेरा वर्षे त्याने तो विषय शिकविला. ज्या १६८७ साली औरंगजेबाच्या हाती गोवळकोंडा पडला त्याच्या पुढच्याच वर्षी लान्चीसीची नेमणूक पोप अकरावे इनोसंट यांच्या वैद्यपदी झाली. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. १६८९ साली हे पोप निवर्तले आणि त्यांच्या शवाची तपासणी झाली तेव्हा मूत्रपिंडांत मोठाले खडे आढळले. इतक्या थोर पुरुषाच्या देहाचेही विच्छेदन व्हावे याचे आपल्या वाचकांस नवल वाटेल. युरोपात धर्मपीठाने शवविच्छेदनास बंदीच केली होती असा समज आपल्याकडे रूढ आहे. निदान लान्चीसीच्या रोमपुरता तो खरा नाही.

आता आपण त्या प्रसंगाकडे येऊ. १७०० साली अकरावे क्लेमेंट पोप झाले आणि लान्चीसी त्यांचाही वैद्य झाला. रोमचे दिवस बरे नव्हते. १७०३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मध्य इटलीस भूकंपाचे मोठे धक्के बसले. प्राचीन कोलोसियमच्या काही कमानीही त्यांत ढासळल्या. लोकांच्या मनातील भीती पुरती ओसरली नव्हती, तोच १७०५ साली व १७०६ च्या आरंभी शहरात एक विलक्षण गोष्ट घडू लागली. चांगली हिंडतीफिरती माणसे अचानक मरून पडत आहेत अशी वार्ता पुन्हा पुन्हा येऊ लागली. ताप नाही, गाठ नाही, अंगावर पुरळ नाही. प्लेगने मरणारा निदान आजारी तरी पडतो. येथे आजारपणच नव्हते. धर्मनिष्ठ मनुष्यास यात आणखी एक भय होते. अंतकाळचे संस्कार न घडता, पापांची कबुली न देता मरण येणे हे त्यांच्या दृष्टीने देहाच्याच नव्हे, तर आत्म्याच्याही हानीचे होते. ही काही नवी साथ आहे काय, हवेत विष मिसळले आहे काय, की हा देवाचा कोप आहे, असे प्रश्न लोकांच्या मनात उठले असल्यास त्यात आश्चर्य नाही.

पोप क्लेमेंट यांनी काय केले? त्यांनी अशा मृतांचे शवविच्छेदन करून कारण शोधण्याची आज्ञा दिली आणि ते काम लान्चीसीवर सोपविले. धर्मगुरूने आज्ञा द्यावी, वैद्याने ती पार पाडावी आणि निष्कर्ष छापून साऱ्यांच्या हाती द्यावा, असा हा क्रम होता. राजसत्तेने लोकांच्या मृत्यूचे कारण लोकांसाठी शोधावे याची इतकी जुनी उदाहरणे फार थोडी असतील.

लान्चीसीचे शोधाचे तंत्र आज साधे वाटेल. मेलेला मनुष्य कसा राहत होता, काय खातपीत होता, मरणापूर्वी त्याला धाप लागत होती काय, छातीत धडधड होत होती काय, पूर्वी कधी घेरी आली होती काय, हे त्याच्या निकटच्यांकडून जाणून घ्यावयाचे. नंतर देह उघडून हृदय, फुप्फुसे, मेंदू व मोठ्या रक्तवाहिन्या पाहावयाच्या. आणि मग जे ऐकले व जे पाहिले त्यांचा मेळ घालावयाचा. यातील अखेरची पायरीच कठीण. पाहणारे पूर्वीही होते. विचारणारे त्याहूनही अधिक होते. परंतु शेजाऱ्याने सांगितलेली धाप आणि टेबलावर दिसणारी जाड, कडक झालेली झडप ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत हे जुळविणारा विरळा.

१७०७ साली त्याचा ग्रंथ लॅटिन भाषेत रोम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या नावाचा अर्थ ‘आकस्मिक मृत्यूंविषयी’ असा आहे. ग्रंथाचे भाग दोन. पहिल्या भागात जीवन म्हणजे काय, मृत्यू म्हणजे काय, खरा मृत्यू व भासमान मृत्यू यांत भेद कसा करावा, याची चर्चा आहे. लान्चीसीच्या मते देहाचे जीवन तीन प्रवाहांवर चालते : फुप्फुसांतून वाहणारी हवा, हृदयातून वाहणारे रक्त आणि मेंदूपासून मज्जातंतूंतून वाहणारा एक सूक्ष्म रस. यांपैकी कोणताही एक प्रवाह अकस्मात खुंटला की मृत्यू येतो. तिसरा रस ही त्या काळची कल्पना होती, तिला पुढे आधार मिळाला नाही. परंतु मरण फुप्फुस, हृदय आणि मेंदू या तीन दारांनी येते हा विचार टिकला; सुमारे शंभर वर्षांनी फ्रान्समधील बिशा याने तोच अधिक रेखीव करून मांडला.

दुसऱ्या भागात प्रत्यक्ष मृतांची हकिगत व विच्छेदनात आढळलेल्या गोष्टी आहेत. कोणाच्या मेंदूत रक्तस्राव झालेला. कोणाचे हृदय वाढून भिंती जाड झालेल्या, तर कोणाच्या हृदयाचे कप्पे पिशवीप्रमाणे सैल व विस्तारलेले. हृदयाची वाढ आणि हृदयाचा विस्तार हे दोन निराळे विकार आहेत हे त्याने ओळखले होते. कोठे झडपांवर फुलकोबीसारखे उंचवटे आलेले, कोठे महारोहिणीच्या भिंतीस फुगा येऊन तो फुटलेला. हा रोगांचा संग्रह वाचणाऱ्या वैद्यास एक गोष्ट उघड दिसते. मृत्यू अकस्मात आला, पण जाड झालेली भिंत किंवा कडक झालेली झडप काही एका रात्रीत तयार होत नाही. रोग वर्षानुवर्षे आत बसलेला होता. मनुष्य चालत होता, हसत होता, पायऱ्या चढताना थोडा थांबत होता, आणि कोणी त्याला का थांबलास म्हणून विचारले नव्हते.

अर्थात रोमवर कोणती नवी साथ आली नव्हती. ज्याला लोक एक भयंकर संकट समजत होते ते अनेक माणसांचे निरनिराळे जुने आजार होते. हवामान, खाण्यापिण्यातील अतिरेक, रागासारखे मनःक्षोभ यांनी अंत ओढवण्यास हातभार लागतो असे लान्चीसी मानीत असे. परंतु मूळ कारण देहात शोधावे आणि ते बहुधा सापडते, असा त्याचा अनुभव होता. त्याचे सारेच म्हणणे आज ग्राह्य नाही. रक्त काढण्यासारखे त्या काळचे उपचार तोही सांगत असे आणि त्यांनी किती रुग्णांस अपाय झाला असेल कोण जाणे. परंतु भयभीत शहरास, पाहा, येथे हे होते आणि तेथे ते होते, असे बोट ठेवून दाखविणे हेही एक औषधच होते.

लान्चीसीच्या उर्वरित उद्योगांचा पसारा मोठा आहे. त्यांतील थोडेच येथे सांगतो. सोळाव्या शतकातील थोर शरीररचनाकार एउस्ताकी याने तांब्याच्या पत्र्यांवर कोरविलेली ४७ चित्रे होती. त्यांतील आठच त्याच्या हयातीत छापली गेली. बाकीची १५७४ साली त्याच्या मृत्यूनंतर नाहीशी झाली. सुमारे दीडशे वर्षांनी त्या पत्र्यांचा ठावठिकाणा लागला, पोप क्लेमेंट यांनी ते विकत घेतले आणि लान्चीसीने आपली टिपणे जोडून १७१४ साली ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सांतो स्पिरितो रुग्णालयात त्याच्या ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. आपला जन्मभराचा ग्रंथसंग्रह, वीस हजारांच्या आसपास पुस्तके, त्याने तरुण वैद्यांसाठी देऊन टाकला. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके परत न करणाऱ्या आमच्या काही मित्रांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

त्याच सुमारास युरोपभर गुरांची एक भयंकर साथ पसरली होती. पोपच्या राज्यात ती १७१३ मध्ये शिरली तेव्हा लान्चीसीने रोगी गुरे तत्काळ मारावीत, खोल पुरावीत, गुरांची ने-आण बंद करावी असा सल्ला दिला. नियम मोडणाऱ्यांस इतक्या कठोर शिक्षा ठेवल्या होत्या की त्या वाचून अंगावर काटा येतो. परंतु इतर देशांत ती साथ वर्षानुवर्षे धुमसत असता पोपच्या राज्यातून ती काही महिन्यांत गेली. हा रोग २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

१७१७ साली त्याने दलदलीच्या प्रदेशांतील तापांवर ग्रंथ लिहिला. दलदलीतून उठणाऱ्या वाईट वाफांनी ताप येतो ही जुनी कल्पना त्याने सोडली नाही, पण तेथील डासांकडेही त्याचे लक्ष गेले होते आणि पाण्याचा निचरा करावा हा त्याचा उपाय अगदी योग्य होता. डास व हिवताप यांचा संबंध पक्का होण्यास मात्र २० ऑगस्ट १८९७ चा दिवस उजाडावा लागला. तो दिवस कोठे उजाडला हे हैदराबादच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस याने डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहिले. बेगमपेठेतील त्या इमारतीवरून आपल्यापैकी कित्येकजण रोज जातात.

२० जानेवारी १७२० रोजी लान्चीसी रोममध्येच मरण पावला आणि सांतो स्पिरितोच्या देवालयात त्यास मूठमाती देण्यात आली. तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता. त्याच्या मागे हृदयाच्या गतीवर व विस्तारावर लिहिलेल्या एका ग्रंथाचे हस्तलिखित राहिले होते. तो ग्रंथ १७२८ साली छापला गेला. मानेतील नीला फुगणे व उडणे यांवरून हृदयाच्या उजव्या बाजूचा विस्तार ओळखता येतो, हे त्यात सांगितले आहे. म्हणजे ज्याने मृतांची हृदये पाहिली तो आता जिवंत माणसाच्या मानेकडे पाहून आतील हृदयाचा अंदाज घेऊ लागला होता.

परंतु या लेखाच्या दृष्टीने त्या ग्रंथातील एक छोटेसे प्रकरण अधिक मोलाचे आहे. त्यात एका कुटुंबाची हकिगत आहे. या घराण्यात लागोपाठ चार पिढ्यांत हृदयाचा एकच विकार दिसून आला. छातीत धडधड, हृदयाचे दौर्बल्य, हृदयाच्या उजव्या भागाचा विस्तार आणि आकस्मिक मृत्यू. लान्चीसीने हे सारे एका ठिकाणी नोंदविले. मृत्यूचे कारण केवळ मेलेल्याच्या देहात नसून त्याच्या घराण्यातही असू शकते, ही गोष्ट त्यामुळे प्रथमच कागदावर आली असे म्हणण्यास हरकत नाही. आनुवंशिकतेचे नियम तेव्हा कोणास माहीत नव्हते. मेंडेलचा जन्मही पुढे शंभराहून अधिक वर्षांनी व्हावयाचा होता.

लान्चीसीशी ज्याचा पत्रव्यवहार होता त्या पादुआच्या मोर्गान्यीने हेच काम पुढे नेले. आयुष्यभरच्या शवविच्छेदनांचा त्याचा ग्रंथ १७६१ साली, तो एकोणऐंशी वर्षांचा असता, प्रसिद्ध झाला आणि रोगास शरीरात एक निश्चित स्थान असते हा विचार वैद्यकात रूढ झाला. परंतु सुरीला एक मर्यादा आहे. काही हृदये मृत्यूनंतर अगदी निर्दोष दिसतात. भिंती सुबक, झडपा स्वच्छ, रक्तवाहिन्या मोकळ्या. दोष असतो तो विजेच्या सूक्ष्म प्रवाहात, ज्याच्या तालावर हृदय आकुंचन पावते. आणि मृत्यूनंतर तो प्रवाह उरतच नाही. हा प्रवाह स्पष्टपणे कागदावर उतरविणारे यंत्र हॉलंडच्या आइन्थोवेन याने विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले व त्यास १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मग लपलेली कारणे एकामागून एक दिसू लागली. १९५७ साली नॉर्वेमधील एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यात जन्मतः बहिऱ्या मुलांना वारंवार घेरी येत असे आणि त्यांपैकी तिघे अचानक दगावली. त्यांच्या आलेखात प्रत्येक ठोक्यानंतर हृदयास पूर्ववत् होण्यास लागणारा काळ लांबलेला होता. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी आणखी एक आलेख ओळखला. तो असलेली माणसे पुष्कळदा झोपेतच दगावतात.

लान्चीसीच्या त्या घराण्याचा आजारही ओळखीचा झाला आहे. उजव्या बाजूच्या हृदयस्नायूंच्या पेशी एकमेकींस जोडणारी प्रथिने जन्मतः सदोष असली तर परिश्रमाच्या ताणाने पेशी विलग होऊन मरतात आणि त्यांच्या जागी चरबी व चिवट तंतू येतात. अशा हृदयात विजेचा प्रवाह वाट चुकतो. हृदय थांबत नाही, तर नुसते थरथरत राहते. थरथरणाऱ्या हृदयातून रक्त पुढे जात नाही आणि मनुष्य काही क्षणांतच कोसळतो. त्या जुन्या कुटुंबास हाच आजार होता हे आता सिद्ध करता येणार नाही, परंतु या रोगावर लिहिणारे तज्ज्ञ लान्चीसीची ती हकिगत त्याची पहिली नोंद म्हणून सांगतात. मोर्गान्यीच्याच पादुआ नगरीत १९८८ च्या सुमारास तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास होऊन हा रोग त्यांत पुष्कळदा आढळला. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या हृदयाचा आलेख काढणे कायद्याने आवश्यक आहे. त्यानंतर पादुआच्या प्रांतात अशा खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरले. सर्वांचाच आलेख काढावा काय याविषयी इतर देशांतील डॉक्टरांत मतभेद आहेत, कारण निरोगी मुलांच्या आलेखातही कधी कधी संशयास्पद रेषा येतात व त्यांच्यामागे विनाकारण काळजी लागते. पण धावताना घेरी आलेला मुलगा, किंवा ज्याच्या घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे असा मुलगा, याची तपासणी व्हावी याबद्दल दुमत नाही. कोसळलेल्याच्या छातीवर तत्काळ दाब देत राहावे, जवळ असल्यास विजेचा धक्का देणारे यंत्र आणावे, याबद्दलही नाही. दर मिनिटाच्या विलंबाने आशा कमी होत जाते. यंदा आमच्या शाळेत वरच्या तीन वर्गांस छाती दाबण्याची रीत शिकविण्यात आली.

आता आमच्या त्या विद्यार्थ्याविषयी. त्याच्या मृत्यूनंतर ज्या डॉक्टरांनी कुटुंबाची भेट घेतली त्यांनी प्रथम उन्हाविषयी किंवा परीक्षेविषयी विचारले नाही. घराण्यात यापूर्वी असे कोणी गेले होते काय, असे विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आजीने सांगितले की मुलाचा मामा सत्ताविसाव्या वर्षी रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. त्या गोष्टीस पुष्कळ वर्षे झाली होती आणि घरात तिची वाच्यता करीत नसत. डॉक्टरांनी आईचा व धाकट्या भावाचा आलेख काढविला. दोघांच्याही आलेखात दोष निघाला. आईच्या बाबतीत तो सौम्य होता, धाकट्याच्या बाबतीत नव्हता.

त्या सकाळच्या डब्याचा या मृत्यूशी काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी आईस समजावून सांगितले, आणि पुढच्या खेपेस पुन्हा सांगितले. तिला ते पटण्यास फार दिवस लागले, असे तिच्याकडे जाणाऱ्या आमच्या बाई म्हणतात. धाकटा भाऊ यंदा आठवीत आहे. तो रोज गोळ्या घेतो व धावत नाही. गेल्या महिन्यात खो-खोचे आंतरवर्गीय सामने झाले, तेव्हा मैदानाच्या कडेला टेबलापाशी बसून त्याने सर्व सामन्यांचे गुण लिहिले.